सिस्टरांनी निवडलेला बार

प्रमिला सिस्टर माणसाला नाव विचारायच्या आधी "काय खाल्लंस?" असं विचारायच्या. कुणाच्या बोटाला कटर लागलेला असो, कुणाची कंबर धरलेली असो, प्रश्न ठरलेला. समोरची बाई बोट वर धरून उभी आहे, रक्त मनगटापर्यंत आलंय, आणि सिस्टर कापूस काढता काढता विचारतायत, "सकाळपास्नं काय खाल्लंस? चहा सोडून सांग."

चहा सोडला की बहुतेकींकडे सांगण्यासारखं काही उरायचं नाही.

भिवंडीजवळ मानकोलीच्या पुढे जी मोठमोठी गोदामं आहेत त्यांतल्या एकात मी नोकरीला आहे. लोकांनी मोबाइलवरून मागवलेल्या वस्तू इथे खोक्यांत भरून बाहेर पडतात. आत आलेल्या मालाचे कागद तपासायचं माझं काम. माझं टेबल जिन्याखाली आहे आणि त्याला लागूनच फर्स्ट-एडची खोली. मध्ये प्लायवूडची भिंत, तीही छतापर्यंत न पोचलेली. त्यामुळे चार वर्षं सिस्टरांचं बोलणं, खोकणं, उसासे, सगळं माझ्या कानावर पडत राहिलं. आमची मैत्री होती असं मला म्हणता येणार नाही. मैत्रीला जरा निवांतपणा लागतो. सिस्टर दमलेल्या असायच्या.

त्यांचं दमणं नुसतं त्या दिवसाचं नव्हतं. भिवंडीतल्या एका प्रसूतिगृहात त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती, त्यातली बरीचशी उभ्याने. गुडघे गेले तेव्हा कुणीतरी त्यांना या नोकरीबद्दल सांगितलं. "मी एकच इचारलं," त्या म्हणायच्या, "बसायला खुर्ची हाय का? हाय म्हटले. मग आले." खाडीकडच्या एका आगरी गावात त्यांचं घर. ऑफिसात त्या दवाखान्यातलं स्वच्छ मराठी बोलायच्या आणि दमल्या की गावचं. दुपारनंतर त्यांचं "आहे-नाही" हळूहळू "हाय-न्हाय" व्हायला लागायचं, त्यावरून मला घड्याळ न बघता किती वाजले ते कळायचं.

कंपनीने दिलेल्या रजिस्टरात चार रकाने होते: तारीख, नाव, तक्रार, दिलेलं औषध. सिस्टरांनी फूटपट्टीने पेन्सिलीची रेघ मारून पाचवा रकाना पाडला होता आणि वर लिहिलं होतं, "शेवटचं खाणं". ऑडिटला आलेल्या एका माणसाने हे काय म्हणून विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "तक्रारीचं कारण." त्याने खाली वाचलं. "काल रात्री भात." "चहा, दोन खारी." "काही नाही." "काही नाही." "पाव." पान उलटून त्याने रजिस्टर परत दिलं.

नसीम पहिल्यांदा पडली तो दिवस मला आठवतो, कारण ती माझ्या टेबलासमोरच पडली. नसीम पॅकिंगला होती, भिवंडीचीच, चाळिशीची. नवरा कापडाच्या लूमवर होता. लूम बंद पडले तशी ती इकडे आली. सणासुदीच्या सेलचे दिवस होते, खोकी वाहणारा पट्टा थांबत नव्हता. कुठलंसं खोकं बदलून घ्यायला ती माझ्याकडे आली आणि "मॅडम, हे..." एवढं बोलून खाली बसली, आणि बसल्या बसल्या आडवी झाली.

सिस्टर आल्या. त्यांना जमिनीवर बसता यायचं नाही, तरी बसल्या. पाय उंच करायला नसीमच्या टाचांखाली खोकं सरकवलं. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न तोच.

"सगळ्यांची रोटी करून आले, सिस्टर," नसीम म्हणाली. "माझी डब्यात हाय."

"डबा कधी खाणार?"

"एकला सुट्टी. पण कॅन्टीनला जायचं तर आधी झडतीची लाइन. परत येताना परत लाइन. मध्ये टाइम किती भेटतो? काल अर्धीच खाल्ली."

"पाणी?"

नसीमने नुसती मान हलवली. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, आणि बाथरूम दुसऱ्या टोकाला आहे, आणि पट्ट्यावरून हललेली मिनिटं मोजली जातात, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. सिस्टरांनी तिचा रक्तदाब घेतला, साखर तपासली, लिंबू-साखर-मिठाचं पाणी पाजलं. मग मला म्हणाल्या, "मना जरा हात दे." मी हात दिला. उठताना त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, तो नसीमने ऐकला आणि ती पडल्या पडल्या म्हणाली, "सॉरी, सिस्टर."

त्या सेलमध्ये नसीमसारख्या बऱ्याच जणी पडल्या. ज्या मोठ्या कंपनीचा माल आम्ही भरायचो तिची माणसं पाहणीला आली, तेव्हा नेमकी त्यांच्यासमोर एक पडली. मग वर चक्रं फिरली. महिन्याभरात मॅनेजर देशमुखसर फर्स्ट-एडच्या खोलीत आले. मी भिंतीपलीकडे होतेच.

"सिस्टर, हेड ऑफिसने ठरवलंय. प्रत्येक कामगाराला रोज एक प्रोटीन बार. हेल्दी, कमी साखरेचा. कुठला घ्यायचा ते तुम्ही निवडायचं. नर्सनेच निवडलेला असला की बरं दिसतं."

"बार म्हणजे ते चॉकलेटसारखं असतं ते?"

"चॉकलेटसारखं दिसतं. पण पौष्टिक."

"बरं," सिस्टर म्हणाल्या. "बघते."

मला वाटलं होतं, त्या पहिल्या खोक्यावर बोट ठेवून मोकळ्या होतील. त्यांना काय, इतकी दमलेली बाई. पण निरनिराळ्या कंपन्यांचे नमुने आले, खोलीतल्या तपासणीच्या पलंगावर त्यांचा ढीग झाला, आणि सिस्टरांनी कपाटातून भिंग काढलं. बोटात घुसलेली लाकडाची कुसळं काढायला वापरायच्या ते. पुढचे पंधरा-वीस दिवस ते भिंग त्यांच्या डोळ्यांपुढून हललं नाही.

वेष्टनाची पुढची बाजू त्या बघायच्याच नाहीत. बार हातात घेतला की आधी उलटा करायच्या. "पुढं काय लिवायचं ते त्यांच्या हातात हाय," त्या मला म्हणाल्या. "मागं मात्र लिवावंच लागतं. म्हणून तर एवढं बारीक." मागची यादी त्या मोठ्याने वाचायच्या आणि मी भिंतीपलीकडून ऐकायची. जो जिन्नस सगळ्यात जास्त तो यादीत पहिला, हे मला त्यांच्याकडून कळलं. एका बारवर पुढे मोठ्या अक्षरांत "साखर नाही" असं होतं आणि मागे पहिलं नाव खजुराचं, दुसरं मधाचं. "खरं बोलतायत बिचारे," सिस्टर म्हणाल्या. "साखर न्हायच. पण माझ्या रक्ताला हे कोण सांगणार?"

त्यांना स्वतःला दहा वर्षांपासून मधुमेह होता. म्हणून त्यांनी परीक्षा स्वतःवरच घेतली. रोज एक बार. खायच्या आधी बोट टोचायचं, दोन तासांनी परत टोचायचं, आकडा वहीत. मी म्हटलं, सिस्टर, कशाला एवढं? त्या म्हणाल्या, "आता कुणाचं बोट टोचू? त्या पोरींचं? त्यांच्यात आहेच किती रक्त!"

चवीचं प्रकरण तर वेगळंच झालं. प्रत्येक बारवर एक फळ छापलेलं. आंबा, स्ट्रॉबेरी, संत्रं, कसली कसली बेरी. आणि खाली, "नैसर्गिक स्वाद". सिस्टरांना या शब्दाने फार छळलं. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला आणि नसीमला बोलावलं, डोळे मिटायला लावले आणि तीन वेगवेगळ्या बारचे तुकडे तोंडात घातले. ओळखा.

मी म्हटलं, स्ट्रॉबेरी. मग म्हटलं, गुलाब. तिसऱ्याला काहीच सुचेना.

नसीम बराच वेळ चघळत होती. "सिस्टर, तिन्ही एकच हाय," ती म्हणाली. "पोरांच्या तापाचं औषध असतं ना, लाल, त्याच्यासारखं."

सिस्टर हसल्या. त्यांचं हसणं आवाजाविना असायचं, नुसते खांदे हलायचे. तिन्ही वेष्टनं त्यांनी आम्हाला दाखवली: स्ट्रॉबेरी, डाळिंब, मिश्र बेरी. तिन्ही नैसर्गिक.

कंपन्यांकडून विक्रीची माणसंही यायची. एक तिशीतला माणूस कल्याणहून मोटरसायकलवर आला होता, टाय लावून, घामाने भिजून. त्याने आंब्याचा बार पुढे केला.

"मॅडम, शंभर टक्के नॅचरल फ्लेवर."

"कशाचा?"

"आंब्याचा."

सिस्टरांनी भिंग त्याच्या हातात दिलं. "यात आंबा कुठाय ते दाखव मला."

त्याने यादी वाचली. सोया, कसलासा तंतू, पाक, तेल, सोया परत. आंबा नव्हता. "आंबा नाहीये, मॅडम," तो म्हणाला. "आंब्याची चव आहे. नॅचरल सोर्सपासून काढलेली."

"कुठल्या सोर्सपासून?"

त्याने यादी परत एकदा वाचली. मग खरं बोलला. "मला माहीत नाही. ट्रेनिंगमध्ये आम्हाला एवढंच सांगितलंय."

"आमच्या बांधावर रायवळ आंब्याचं झाड हाय," सिस्टर म्हणाल्या. "त्याचा आंबा आंबट, दातात धागे अडकतात. पण डोळं मिटून खाल्लास तरी आंबाच म्हणशील." मग त्याच्याकडे जरा निरखून बघितलं. "सकाळपास्नं काय खाल्लंस?"

त्याने बॅगेकडे हात नेला. "सॅम्पल होतं ना, मॅडम. एक बार."

सिस्टरांनी आपला डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी. त्या वासावरून ऑफिसातल्या काहींनी पूर्वी तक्रारी केल्या होत्या, म्हणून त्या दार लावून जेवायच्या. त्यांनी अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली. तो बारच्या खोक्यांशेजारी स्टुलावर बसला, टाय खांद्यावर टाकला, आणि मान खाली घालून जेवला. जाताना म्हणाला, "मॅडम, आमचा घेऊ नका. पण घेतला नाही ते माझ्यामुळे असं लिहू नका."

"तुझ्यामुळे कशाला लिहीन?" सिस्टर म्हणाल्या. "त्यात जे घातलंय ते काय तू घातलंयस?"

एका बारने मात्र त्यांना चांगलाच इंगा दाखवला. त्यात साखर खरोखर नव्हती, प्रोटीन भरपूर, चवही बरी. सिस्टरांची रक्तातली साखर दोन तासांनी जागची हललेली नव्हती. त्या खूश झाल्या, दुसऱ्या दिवशी दोन खाल्ले. आणि दुपारभर खोलीला कुलूप. चार वेळा त्या गोदामाच्या त्या टोकाला जाऊन आल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी, भिंतीला धरून. शेवटी खुर्चीत बसून भिंग घेतलं तेव्हा खाली एक ओळ सापडली. साखरेऐवजी जे घातलं होतं त्याने पोट सुटू शकतं, असं तिथे कबूलही केलेलं होतं.

"यांना बाथरूमला सोडत न्हाईत," त्या अगदी हळू म्हणाल्या, "आणि मी हे खायला देणार होते."

तो बार त्यांनी बाजूला काढला आणि त्या दिवशी लवकर घरी गेल्या. चार वर्षांत तेवढा एकच दिवस.

सरतेशेवटी त्यांना हवा तो बार सापडला. शेलार गावात काही बायका मिळून एक छोटा कारखाना चालवत, तिथला. दिसायला अगदी गबाळा, कडा तुटलेल्या, वेष्टन साधं पांढरं. शेंगदाणे, भाजलेलं चण्याचं पीठ, तीळ, नावापुरता खजूर आणि वेलची. पाच नावं, भिंगाशिवाय वाचता येणारी. सिस्टरांनी तो फोडला, नाकाशी धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"ही वेलची हाय," त्या म्हणाल्या. "वेलचीची वेलची."

त्यांना इंग्रजीत अहवाल द्यायचा होता, म्हणून त्या सांगत गेल्या आणि मी टाइप करत गेले. बार कुठला, का निवडला, ज्यांना शेंगदाणा सोसत नाही त्यांना द्यायचा नाही. मग त्या थांबल्या. "आता शेवटचं लिही. हा बार सकाळी अकरा वाजता द्यायचा. बसून खायचा. सोबत पाणी द्यायचं. त्याला दहा मिनिटं सुट्टी द्यायची आणि बाथरूमला जायची मुभा द्यायची. हे जमत नसेल तर बार देऊ नये."

"देऊ नये?" मी विचारलं.

"देऊ नये. असंच लिही. त्या पोरी बारवाचून पडत न्हाईत. बसायला मिळत न्हाय म्हणून पडतात."

त्यांनी सही केली. देशमुखसरांनी अहवाल वाचला आणि लगेच खाली आले.

"सिस्टर, तुम्हाला बार निवडायला सांगितलं होतं."

"निवडला ना."

"ही दहा मिनिटं कुठून आली?"

"बार काय पट्ट्यावर काम करता करता गिळायचा, सर? प्रोटीन हाय ते. कोरडं. पाण्याबिगर घशाखाली जात न्हाय. तुम्ही खाऊन बघा."

"दहा मिनिटं पट्टा थांबवायचा माझ्या हातात आहे असं वाटतं तुम्हाला?" देशमुखसर ओरडले नाहीत. त्यांचा आवाजही दमलेलाच होता. "मीच जेवतो का वेळेवर? टेबलावर फोन कानाला लावून खातो."

"म्हणून तर तुमचं बीपी तसं हाय," सिस्टर म्हणाल्या.

ते निघून गेले. संध्याकाळी त्यांनी मला वर बोलावलं. शेवटचा परिच्छेद काढून अहवाल पुन्हा टाइप करायला सांगितला. "फक्त बारपुरता ठेवा. खाली सहीच्या जागी त्यांचं नाव टाइप करा. बाकीचं मी तोंडी बोलतो वर." मी टाइप केला. नाही म्हणता आलं असतं का, हा विचार मी नंतर खूप केला. त्या वेळी केला नाही. घरी जायची गाडी सहाला सुटायची आणि पावणेसहा झाले होते.

पंधरा दिवसांनी बार आले. शेलारचे नव्हते. वरच्यांनी परस्पर दुसऱ्याच कंपनीशी ठरवलं होतं. चॉकलेटच्या चवीचे, चकचकीत वेष्टनातले. सकाळी आत येतानाच फाटकावर एकेक हातात द्यायचे. आणि कॅन्टीनच्या भिंतीवर एक मोठा फलक लागला, हसऱ्या नर्सचं चित्र, कुठल्या तरी भलत्याच गोऱ्या नर्सचं, आणि खाली: "आपल्या प्रमिला सिस्टर यांनी निवडलेला आरोग्यदायी बार."

सिस्टर तो फलक बघायला गेल्या, मी बरोबर होते. त्यांनी तो पूर्ण वाचला. मग मला विचारलं, "दुसऱ्यांदा टाइप तूच केलंस ना?"

मी हो म्हटलं.

"नाव बरोबर लिवलंस," त्या म्हणाल्या. "लोक प्रमिलाचं प्रमीला करतात."

एवढंच. पुढे त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मलाही काढता आला नाही. त्या दिवशी भिंतीपलीकडून भाकरीचा वास आला नाही.

बार कुणी खात नव्हतं. फाटकावर घेतलेला बार बायका ओढणीत, कमरेला, पिशवीत लपवायच्या आणि घरी न्यायच्या. नसीमची मुलगी दहावीला होती, तिला चॉकलेटची चव आवडायची. "ती खाते, अभ्यास करते," नसीम म्हणाली. "मी खाऊन काय करू?" जानेवारीत ती परत पडली, आणि तेव्हा तिच्या खिशात बार होता.

त्यानंतरच्या सोमवारी, बरोबर अकराला, सिस्टरांनी पॅकिंगच्या सुपरवायझरला फोन केला. "पाच जणींना खाली पाठवा. बीपी तपासायचंय." पाच जणी आल्या. नसीम त्यांत होती. खोलीत पलंग, दोन स्टुलं आणि एक बाक. सिस्टरांनी सगळ्यांना बसवलं, दार लोटलं, प्रत्येकीच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. एकीच्या दंडाला पट्टा बांधायचा, बाकीच्यांनी डबा उघडायचा. बीपी बघायला दोन मिनिटं लागतात. त्या पाचही जणींना दहा मिनिटं लावायच्या. अकरा दहाला त्या पाच जणी वर आणि दुसऱ्या पाच खाली. रजिस्टरात तक्रारीच्या रकान्यात "बीपी तपासणी", आणि पेन्सिलीच्या रकान्यात "पोळी-भाजी", "भाकरी", "पुलाव", "अंडं". मी पलीकडून ऐकायची. बोलणं फार नसायचं. डब्यांची झाकणं उघडायची, कुणीतरी पाणी घटाघटा प्यायचं, आणि सिस्टरांचा आवाज: "हळू खा. कुणी मागं लागलं न्हाय."

एकदा त्यांनी भिंतीवर टकटक केलं. "तू पण ये. तुझं बीपी कधी बघितलंस?" मी गेले. त्यांनी मला बाकावर नसीमशेजारी बसवलं, दंडाला पट्टा बांधला, आणि बांधून तसाच राहू दिला. मी बसले. खरं तर मला खूप काही बोलायचं होतं. त्या खिडकीतून बाहेर उभ्या कंटेनरकडे बघत होत्या. डोळे उघडे होते, पण बहुधा बसल्या बसल्या त्या झोपल्या होत्या.

हे जवळजवळ चार महिने चाललं. देशमुखसरांना माहीत नव्हतं असं नाही. एकदा पावणेबाराला ते स्वतः खाली आले. बाक भरलेला बघून दारातच थांबले. नसीम डबा लपवायला लागली. सिस्टरांनी एक स्टूल पुढे सरकवलं. सर बसले, शर्टाची बाही वर केली आणि खिशातून अर्धा खाल्लेला बार काढला. सिस्टरांनी त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. बार संपवून ते वर गेले. गेल्यावर सिस्टर म्हणाल्या, "यांचंपण लिवते. शेवटचं खाणं, अर्धा बार."

मधल्या उन्हाळी सेलमध्ये पट्ट्यावर फारशी कुणी पडली नाही. वरच्या बैठकीत ते श्रेय बारला मिळालं.

मग फर्स्ट-एडचं काम दुसऱ्या एजन्सीकडे गेलं. एजन्सी बदलली की माणसं बदलतात, त्यात कुणाचा राग नसतो, असं देशमुखसरांनी सांगितलं आणि सांगताना ते सिस्टरांकडे बघत नव्हते. सिस्टर "बरं" म्हणाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी कपाट आवरलं, भिंग कागदात गुंडाळून पुढच्या नर्ससाठी ठेवलं. आता तिथे बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी असते. कामाला चांगली आहे. रजिस्टर नवीन आलंय, चार रकान्यांचं. अकराच्या पाच-पाच जणी बंद झाल्या, आणि या सेलमध्ये पुन्हा दोघी पडल्या.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी आणि नसीम सिस्टरांच्या गावी गेलो. नसीमची मुलगी पास झाली होती, तिने पेढे आणले होते. सिस्टरांना चालत नाहीत हे तिला वाटेत आठवलं आणि ती स्वतःवरच चिडली. मी काही आणलं नव्हतं. मला त्या दुसऱ्यांदा टाइप केलेल्या कागदाबद्दल बोलायचं होतं, आणि नसीमला मी रिक्षात तसं सांगितलंही होतं.

दुपारचे तीन वाजले होते. सिस्टरांची सून दारात आली. म्हणाली, आताच पडल्यात, उठवते. आम्ही आत डोकावलो. सिस्टर पलंगावर कुशीवर झोपल्या होत्या. अंगावर घरातली जुनी फुलाफुलांची साडी, केस सुटलेले. पांढऱ्या कपड्यांवाचून मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. तोंड जरासं उघडं होतं, श्वास संथ चालला होता. मागच्या रस्त्याने एक कंटेनर मागे घेत होते, त्याचा तो पीं-पीं आवाज घरभर भरला होता. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही.

सुनेने खांद्याला हात लावायला वाकून आमच्याकडे बघितलं. "उठवू ना?"

नसीमने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नको.

"नको, भाभी," नसीम म्हणाली. "झोपू द्या."

सून चहाचं म्हणत होती, तिला आम्ही हातानेच नाही म्हटलं. पेढ्यांचा पुडा नसीमने घरातल्या मुलांसाठी ठेवला. मग दोघी ओट्यावरून उतरलो, आणि फरशीवर आवाज होऊ नये म्हणून फाटकापर्यंत चपला हातातच धरल्या.